एकदाच लावलेलं भात

कार्तिक लागेपर्यंत गोव्यातल्या पेडण्यात कोरगाव, पार्से, तुये, धारगळ या बाजूची भातकापणी आटोपलेली असते. कुणग्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, उरतात ती धसकटं. आठ-दहा दिवसांनी त्याच मेरेवरून गेलं तर करड्या धसकटांतून पोपटी पाती वर आलेली दिसतात. जमिनीत ओल असते, डोक्यावर ऊन असतं, मुळं जिवंत असतात. रोपाला मरायचं काही कारणच नसतं. मग गुरं येऊन ती पाती खुडतात, नाहीतर अळसांद्याच्या चवळीसाठी नांगर फिरतो. दोन्हींतून जे वाचतं त्याला पुढे एखाददुसरी अर्धवट भरलेली लोंबी येते आणि ती पाखरं खातात. भात हे एका हंगामाचं पीक, असं आपण म्हणतो. रोपाला मात्र हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याला दर वर्षी मारतो आपण.

लागवडीच्या भाताचा पूर्वज ओरायझा रुफिपोगॉन हे दलदलीत वर्षानुवर्षं जगणारं पाणगवत आहे. महाराष्ट्रात तळ्याकाठी ते अजून उगवतं, देवभात या नावाने. दाण्याला लांब कुसळं, आणि दाणा पिकला की झडून पाण्यात पडतो, त्यामुळे गोळा करणाऱ्याची परीक्षाच. तरीही ऋषिपंचमीला त्याला मान असतो, कारण त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, आणि देवभाताला नांगर लागलेला नसतो. गोव्यात नेमक्या त्याच तिथीला नव्याची पंचम. शेतातल्या नव्या भाताची कणसं घरात येतात, गणपतीपुढे ठेवली जातात, दाराला बांधली जातात. एकाच दिवशी एका घरी बिननांगराच्या दाण्याचं व्रत आणि दुसऱ्या घरी नांगरलेल्या शेतातल्या पहिल्या कणसाची पूजा. शेतीच्या इतिहासातले दोन टप्पे असे एका तिथीवर शेजारी-शेजारी बसले आहेत, आणि पंचांगाला त्यात काही वावगं वाटत नाही.

माणसाने देवभातासारख्या गवतातून न झडणारा, एकदम पिकणारा, भरदार दाणा निवडत आणला. त्या निवडीत रोपाचं दीर्घायुष्य हरवलं. पुरतं नाही, धसकटाला फुटवे येण्याइतकं शिल्लक राहिलं. ते आयुष्य भाताला परत मिळवून देण्याची खटपट गेली तीसेक वर्षं चालू आहे. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकात हे काम हाती घेतलं होतं. उद्देश होता डोंगरउतारावर दर वर्षी नांगरल्याने वाहून जाणारी माती वाचवण्याचा. २००१ मध्ये तो कार्यक्रम बंद पडला. पण चीनच्या युनान प्रांतात हू फेंगयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धागा सोडला नाही. त्यांनी आर-डी-२३ हे थायलंडचं लागवडीचं भात आणि ओरायझा लाँगिस्टॅमिनाटा हे आफ्रिकेतलं जंगली भात यांचा संकर साधला होता. या जंगली भाताला जमिनीखाली आडवी खोडं असतात. हळदीच्या कंदासारखी ती मातीतून सरकतात आणि पुढच्या डोळ्यातून नवं रोप वर काढतात. दोन जाती इतक्या दूरच्या की संकराचं बी भरतच नाही. कोवळा गर्भ काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागला. २००३ मध्ये त्यांनी दाखवलं की आडव्या खोडाचा हा गुण मुख्यतः दोन जनुकांच्या जोडीवर अवलंबून आहे. दोन्ही हजर असतील तरच खोड धावतं.

तिथून शेतकऱ्याच्या हातात बी पडायला आणखी पंधरा वर्षं गेली. पी-आर-२३ हे वाण २०१८ मध्ये युनानमध्ये प्रसारित झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात त्याचा हिशेब छापून आला. एकदा लावणी करून चार वर्षांत सलग आठ पिकं घेतली, आणि दर पिकाला हेक्टरी सरासरी ६.८ टन भात मिळालं. दर हंगामाला नव्याने लावलेल्या भाताची सरासरी होती ६.७ टन. पहिलं पीक निघाल्यावर पुढच्या प्रत्येक पिकाला मजुरी ५८ टक्क्यांनी आणि खर्च ४९ टक्क्यांनी कमी. २०२१ मध्ये ४४,७५२ छोट्या शेतकऱ्यांनी मिळून १५,३३३ हेक्टरांवर ते लावलं होतं. भागाकार करून पाहा, माणशी एक तृतीयांश हेक्टर येतं. म्हणजे हे गोव्याच्या मापाचे शेतकरी आहेत.

त्याच लेखात न मिरवलेली बाजूही आहे. पाचव्या वर्षी उत्पादन घसरतं आणि पुन्हा लावणी करावी लागते. नांगरट नसल्याने तण वाढतं, तणनाशकाची जादा फवारणी लागते. थंडीत दहिवर गोठणाऱ्या मुलखात खोडं मरतात. म्हणजे बहुवर्षीय हा शब्द इथे चार वर्षांचा आहे, नारळाइतका लांबचा नव्हे. तरी चार वर्षांत आठाच्या जागी एक लावणी ही लहान गोष्ट नाही.

कॅन्ससमधली गोष्ट जास्त गाजली, पण गोव्याच्या उपयोगाची कमी आहे, म्हणून थोडक्यात. वेस आणि डाना जॅक्सन या दांपत्याने १९७६ मध्ये सलाइना गावाजवळ लँड इन्स्टिट्यूट सुरू केली. तिथल्या माळावरचं मूळचं गवत वर्षानुवर्षं माती धरून ठेवतं आणि नांगरलेला गहू ती वाऱ्या-पावसाच्या हवाली करतो, तर गहूच गवतासारखा का असू नये, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या कर्न्झा या धान्याची मुळं तीन मीटर खोल जातात. दाणा मात्र गव्हाच्या सुमारे पाचव्या हिश्शाचा, आणि दोन-तीन वर्षांनी उत्पादन उतरतं. त्यापासून पाव झाला, बियरही झाली. कर्न्झाला फुलण्यासाठी आधी कित्येक आठवड्यांची कडाक्याची थंडी लागते. पेडण्यात जानेवारीतल्या पहाटेही ती मिळायची नाही. इथे त्याचं नुसतं गवत वाढेल.

मला त्या संस्थेचं दुसरंच एक काम मोलाचं वाटतं. त्यांनी सिल्फियम या सूर्यफुलाच्या कुळातल्या बहुवर्षीय तेलबियांची रोपं साध्या नागरिकांना घरच्या बागेत लावायला दिली. रोप कधी फुललं, कोणती कीड आली, हिवाळ्यानंतर जिवंत राहिलं का, एवढं लिहून पाठवायचं. शास्त्रज्ञाला शंभर ठिकाणी शेत घेता येत नाही, पण परस शंभर घरांना असतं. बहुवर्षीय पिकाला असा माळी जास्त मानवतो, कारण त्याच्याकडे वर्षानुवर्षं एकाच जागेवर नजर ठेवायला सवड असते.

गोव्यात अशा माळ्यांची वाण नाही. बोटॅनिकल सोसायटी ऑफ गोवा भरवत असलेल्या कोकण फ्रूट फेस्टमध्ये एकेका फणसाच्या जातीवर हमरीतुमरीने बोलणारी माणसं भेटतात. डिचोलीत, साखळीकडे किंवा लाटंबार्स्याच्या बाजूला कुळागर असलेलं घर म्हणजे माडा-पोफळींवर चढलेली मिरी, खाली केळी, त्याखाली अननस, सुरण, हळद. सगळं बहुवर्षीय, सगळं एकावर एक. डोंगरउतारांचंही तेच झालं. जिथे कुमेरी जाळून नाचणी, वरी पेरायचे, तिथे आता काजू आहे. एकदा लावला की तीसेक वर्षं बघायला नको. गोव्याच्या जमिनीने बहुवर्षीय शेती कधीच पत्करली आहे. मागे राहिलं ते एकटं भात, आणि ते का मागे राहिलं याचं उत्तर मातीत शोधून मिळणार नाही. ते माणसांच्या हातात आहे.

मोपाला विमानतळ झाला. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालं आणि जानेवारीत विमानं उतरू लागली. पेडण्यातला तरुण आता तिथल्या पाळीवर आहे, नाहीतर पणजीत, नाहीतर हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यावर. शेत आहे, ते विकायचीही सोय उरलेली नाही, कारण २०२३ च्या कायद्याने भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आणले. माझ्या मते कायदा चांगला आहे. पण तो जमीन राखतो, तरवा काढायला वाकलेली पाठ कुठून आणणार? मृगाच्या तोंडावर तरवा पेरायचा, तीन-चार आठवड्यांनी काढायचा, चिखल करायचा आणि ऐन पावसात लावणी करायची, त्यासाठी आठवडाभर सात-आठ माणसं हवीत. ती मिळत नाहीत म्हणून कुणगा पडीक राहतो. युनानच्या हिशेबातला ५८ टक्के हा आकडा पेडण्यात कुणाला मातीपेक्षा जवळचा वाटला तर नवल नाही. फिलिपिन्समध्ये जे माती वाचवण्यासाठी सुरू झालं, ते इथे लावणी वाचवण्यासाठी हवं आहे.

मग लावावं का? आधी बियांची अडचण. परदेशातलं भाताचं बी पाकिटात घालून आणायची सोय नाही. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. संशोधनासाठीचं बी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संपदा ब्युरोमार्फतच येतं. ही नुसती लालफीत समजू नये. जमिनीखाली धावणारं खोड आणि झडणारा दाणा हे दोन गुण एकत्र आले तर त्याला पीक म्हणत नाहीत, तण म्हणतात. जंगली भाताचा अंश असलेलं एखादं रोप खाडीकाठच्या खाजनात सुटलं तर ते हाताने उपटून संपणार नाही. जुने गोव्याजवळ एला इथे असलेल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेसारख्या ठिकाणीच त्याची पहिली चाचणी व्हायला हवी. याच संस्थेने कोरगुट या खाऱ्या जमिनीतल्या जुन्या भातातून निवड करून गोवा धान-१ आणि गोवा धान-२ ही वाणं काढली आहेत. मीठ सोसणारं कोरगुट आणि धावतं खोड यांची गाठ कुणी घातली, तर ते खऱ्या अर्थाने गोव्याचं बहुवर्षीय भात होईल. तो दहा-पंधरा वर्षांचा उद्योग आहे.

परसातल्या माळ्याला तोवर थांबायचं कारण नाही. धसकटाचा खोडवा हा बहुवर्षीय भाताचा गरीब भाऊ आहे, आणि तो ज्योती, जया, कोरगुट अशा हाताशी असलेल्या कोणत्याही वाणावर करून बघता येतो. टेक्सास-लुईझियानात आणि दक्षिण चीनमध्ये भाताचा खोडवा रीतसर घेतात. मुख्य पिकाच्या साधारण निम्म्या वेळात साधारण निम्मं पीक, असा त्याचा ढोबळ हिशेब.

वाफा एक मीटर लांब, एक मीटर रुंद पुरे. खाली जाड प्लॅस्टिक घालून वर वीतभर शेतातली माती, चिखल करून. वीस सेंटिमीटरच्या ओळी आणि ओळीत पंधरा सेंटिमीटरचं अंतर ठेवलं तर त्यात तेहतीसेक चूड बसतात. कापणी करताना लोंबी पिकलेली पण खोड अजून हिरवं असावं. वाळून कोळ झालेलं धसकट फुटत नाही. मग गंमत कापण्याच्या उंचीत आहे. एक तृतीयांश चूड जमिनीलगत कापावेत, एक तृतीयांश टीचभर उंचीवर, उरलेले गुडघ्याच्या जरा खाली. उंच कापलेल्याला वरच्या पेरांतून फुटवे येतात, ते लवकर निसवतात पण बारके आणि मागेपुढे पिकणारे. खाली कापलेल्याला बुंध्यातून फुटवे येतात, ते उशिरा पण सारखे. दोन-तीन दिवसांत पाणी आणि थोडं नत्र द्यावं. आणि मग मोजावं, किती चूड फुटले, किती गेले, कोणता कधी निसवला, दाणे किती भरले आणि पळंज किती.

एवढ्यावर सहसा सगळे थांबतात. खरी परीक्षा फेब्रुवारीत, खोडव्याची कापणी झाल्यावर सुरू होते. वाफा तसाच ओला ठेवायचा. मार्च, एप्रिल, मे. जूनमध्ये पाऊस आला की मोजायचं, तेहतिसांतले किती चूड पुन्हा वर आले? युनानच्या शास्त्रज्ञांनीही हेच मोजलं, फक्त त्यांच्याकडे हेक्टर होते. ज्योतीचे बहुतेक चूड मे महिना काढणार नाहीत असा माझा अंदाज आहे. पण दोन जरी वाचले, तर त्यांचं बी निराळं ठेवावं. देवभाताच्या वारशातलं काही त्यांच्यात अजून शिल्लक असेल.

पिकाची अपेक्षा माफक ठेवलेली बरी. हेक्टरी ६.८ टन म्हणजे चौरस मीटरला ६८० ग्रॅम भात. सडल्यावर उरतात साडेचारशे ग्रॅमच्या आसपास तांदूळ. चौघांच्या घरी एका दुपारचं जेवण. परसातला वाफा घर पोसण्यासाठी नसतो.

धान्य म्हणून भातावरच अडून बसायचीही गरज नाही. तूर ही मुळात झुडूप आहे, दोन-तीन वर्षं जगणारी. आपणच ती दर वर्षी उपटून टाकतो. आफ्रिकेत मलावीत शेतकरी तूर बुडखा ठेवून कापतात आणि दुसऱ्या वर्षीच्या फुटव्यावर शेंग घेतात. उंच वाढणारी जुनी तूर मिळाली तर परसाच्या कडेला ती तशी ठेवून बघावी. चौधारी घेवड्याचा कंद जमिनीत राहतो आणि पावसात पुन्हा वेल येतो. हे ठाऊक असलेल्या आज्या कोकणपट्टीत अजून आहेत, त्यांना कुणी प्रयोगशील म्हणत नाही एवढंच.

परसात हे सगळं जमेल. कदाचित उत्तम जमेल. आणि नेमकं तिथेच फसायला होईल. परसाला गडगा असतो. गडग्याच्या आत मी पाणी कधी द्यायचं ते ठरवतो, गुरं आत येत नाहीत, डिसेंबरात त्या जागेवर दुसऱ्या कुणाचा हक्क नसतो. वाफ्यात रोप जगलं की आपण म्हणतो, चला, आता शेतात लावू. पण शेत हे मोठं झालेलं परस नव्हे. शेताचं वर्ष शेजाऱ्यांच्या वर्षाशी बांधलेलं असतं, आणि ते वर्ष भात मरणार हे गृहीत धरूनच आखलेलं आहे.

गुरांचंच बघा. कापणी आटोपली की सगळ्या वाड्याची गुरं शेतात सुटतात. तळकोकणात याला उनाड सोडणं म्हणतात. धसकटं आणि काडी हा त्यांचा हक्काचा चारा, आणि शेताला फुकट शेण. एका शेतकऱ्याने आपल्या कुणग्यात हिरवं भात ठेवलं तर त्याला एकट्याला कुंपण घालावं लागेल, किंवा सबंध वाड्याला गुरं बांधून ठेवावी लागतील. मे महिन्यात चहूकडे करपलेलं असताना एकच कुणगा हिरवा असला की गुरांआधी गवे येतील, रानडुकरं येतील. पेडणेकरांना तर आता हत्तीचाही हिशेब धरावा लागतो. २०२५ च्या सप्टेंबरात तिळारीच्या बाजूने ओंकार नावाचा हत्ती मोपा-तांबोशेच्या परिसरात उतरला आणि त्याने उभं भात तुडवलं.

मग अळसांदे. सरद, म्हणजे पावसाळी भाताचा हंगाम, संपली की उरलेल्या ओलीवर अळसांदे, कुळीथ, मिरची, लाल भाजी घेतात. बाजारात या अळसांद्यांना भाताहून बरा भाव मिळतो. ज्या शेतात भात चार वर्षं हलणार नाही, तिथे ही पिकं चार वर्षं होणार नाहीत. ज्यांचं शेत अजून जागं आहे, त्यांना हा सौदा परवडत नाही. परवडेल तो ज्यांचं शेत पडीक आहे त्यांना. म्हणजे बहुवर्षीय भात हे कसणाऱ्याचं पीक होण्याआधी न कसणाऱ्याचं पीक होईल. मला यात काही गैर दिसत नाही. पण कृषी खात्याने त्याची जाहिरात उद्या चांगल्या शेतकऱ्याकडे केली, तर तो हसेल आणि ते बरोबर असेल.

कीड हा तिसरा मुद्दा, आणि प्रचाराच्या पुस्तिकांत तो लहान टायपात असतो. कोकणातली कोणतीही भाताची माहितीपत्रिका उघडा, खोडकिड्याच्या सदरात एक वाक्य हमखास सापडतं: कापणीनंतर धसकटं नांगरून काढा, गोळा करून नष्ट करा. कारण खोडकिड्याची अळी धसकटात दडून राहते. लागवडीत पडणारा खंड हेच तिच्यावरचं सगळ्यांत स्वस्त औषध. बहुवर्षीय भात सांगतं, धसकट जपा. मग एका कुणग्यातली अळी पुढच्या सरदीला शेजारच्या नव्या लावणीवर जाणार. चीनमध्ये मोठाले पट्टे एकदम या भाताखाली गेले, तिथे हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सुटत असेल. आपल्याकडे दहा कुणग्यांत एक असं ते लावलं, तर उरलेल्या नवांचा कारभार तो एक बिघडवू शकतो.

डिचोलीत आणखी दोन गाठी आहेत. मुळगाव, शिरगाव, पिळगावच्या शेतांत पावसाबरोबर खाणीची माती येते. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या. डिसेंबर २०२२ मध्ये नव्याने लिलाव सुरू झाले तेव्हा पहिल्या पट्ट्यांत डिचोलीचा होता. वरून गाळ बसला तर वार्षिक भाताचा शेतकरी निदान तो खरवडून, नांगरून पुढची लावणी करतो. बहुवर्षीय भाताचे डोळे मात्र त्या गाळाखाली गाडले जातात. दुसरी गाठ मयेची. तिथली जमीन निर्वासित मालमत्ता म्हणून कस्टोडियनच्या ताब्यात कित्येक दशकं अडकून राहिली, त्यावर २०१४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. चार वर्षं उभं राहणारं पीक लावणाऱ्याला चार वर्षांनी ती जमीन आपली असेल याची खात्री हवी. सरदीचं भात उसन्या जमिनीवर लावता येतं, बहुवर्षीय नाही.

हे सगळं असूनही काही जागा मला दिसतात. तिळारीच्या कालव्याचं पाणी जिथे उन्हाळ्यात पोहोचतं, जिथे सलग पाच-सहा पडीक कुणगे एकाच घराचे आहेत, कुंपणाला डोंगर किंवा व्हाळ आहे, अशा ठिकाणी एलाच्या संस्थेने बी मिळवून दिलं तर चाचणी करावी. तिच्यात परसातले माळी हवेतच, पण वाफे राखायला नव्हे. मेमध्ये कोणता चूड जिवंत आहे हे ओळखायला त्यांचा डोळा तयार झालेला असेल.

खाजनाचं गणित सगळ्यांत अवघड. शापोरा, तेरेखोल आणि मांडवीच्या काठची ही जमीन बांध घालून खाडीकडून मिळवलेली आहे. मानशीची लाकडी दारं भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात, आणि पावसाळ्यात गोड्या पाण्यावर भात होतं. कापणीनंतर बऱ्याच ठिकाणी खारं पाणी आत घेतात, कोळंबी-मासळी वाढते. मानशीच्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, होते, तिचे पैसे कुळांच्या टेनंट असोसिएशनकडे येतात आणि बांधाच्या डागडुजीला लागतात. धावतं खोड असलेल्या भाताला हे खारं पाणी चालणार नाही. तेव्हा ज्या असोसिएशनला एका पट्ट्यात असं भात लावायचं असेल, तिला पावणीच्या बैठकीतच ठरवावं लागेल की त्या पट्ट्याची मानस चार वर्षं खाऱ्या पाण्याला बंद. लावणीची मजुरी वाचेल ती ज्याच्या त्याच्या कुणग्यात, सरदीला. पावणीचं उत्पन्न बुडेल ते सगळ्यांचं, फेब्रुवारीत. बांधाला भगदाड पडलं तर दुरुस्तीचे पैसे या पावणीच्या वहीतून जातात, आणि ज्याची मजुरी वाचली त्याने त्यातले किती या वहीत भरायचे, हे बैठकीच्या इतिवृत्तात पहिल्याच वर्षी लिहून ठेवावं लागेल.